दोन्ही कडा लाल

आष्टा, मंगळवार, ६ ऑक्टोबर १९९८

प्रिय जावईबापू शरच्चंद्रराव यांस,

नानासोचा रामराम. (वडीलकीच्या नात्याने आशीर्वाद लिहायचा, पण आज तेवढं तोंड राहिलेलं नाही.) साताऱ्यात तुमची आणि विनोदिनीची तब्येत बरी असेल. तिचा खोकला थांबला का? इथे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

तुमच्या कारखान्यात बनलेलं आमच्या दूध संस्थेचं हिशेबाचं यंत्र, म्हणजे कॉम्प्युटर, बंद पडलं, हे मी फोनवर सांगितलं. का पडलं, ते मात्र लपवलं. झालं असं, की तुम्ही पाठवलेली फ्लॉपी मी मुद्दाम खंडेनवमीला घातली, दिवस चांगला म्हणून. बायोस, म्हणजे यंत्राला झोपेतून उठवणारी मूळ अक्कल, ती नवी भरत असताना बटणाला हात लावू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. मी लावला. आरतीला मंडळी खोळंबलेली, आणि चालू विजेवर पूजा कशी करायची? शिवाय नुसत्या झाकणाला कुंकू लावणं मला पटेना. (आत जे राबतं त्याचा मान, असं मीच सगळ्यांना ऐकवलं. काय भारी बोललो होतो!) म्हणून झाकण काढलं, फ्लॉपीची ती चपटी केबल उपसली, ओल्या फडक्याने पुसली आणि पाचही बोटांनी कुंकू लावून परत खोचली.

दुसऱ्या दिवशी यंत्र ठार. तुम्ही फोनवर उपाय सांगितलात, की आतल्या दोन पिनांवरची ती इवलीशी टोपी, म्हणजे जंपर, सरकवा, फ्लॉपी घाला, बायोस परत भरेल. फक्त केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे हवी. आता काय सांगू! माझ्या केबलच्या दोन्ही कडा लाल होत्या. सासऱ्याने जावयाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? 'अगदी बरोबर आहे' म्हणालो. फ्लॉपीचा दिवा एकसारखा जळत राहिला, तो मला शुभ वाटला. तुम्ही बिचारे म्हणालात, मग अर्थिंग तपासा. ते मी वरच्यावर झेललं. अर्थिंग हुसेन मिस्त्रीचं. वीस वर्षं संस्थेची वायर न वायर त्याच्या हातची. मिस्त्रीमुळे यंत्र गेलं, असं मी चेअरमन आप्पासोंना सांगून मोकळा झालो. काल त्याचं काम थांबवलं.

तो संध्याकाळी वीज तपासायचा आपला मीटर न्यायला आला. उघड्या यंत्रात डोकावला, फडक्याने केबलची एक कड पुसली, मग दुसरी. "नानासो, ह्यो पट्टा उलटा बसलाय." एवढंच बोलला. पट्टा फिरवून बसवला, आतली फ्लॉपी कुरकुरली, दोनदा पीप झालं आणि यंत्र जागं! हुसेनने कुंकवाची बोटं लेंग्याला पुसली आणि मीटर घेऊन गेला. मी साधं 'थांब' म्हणालो नाही. लाज वाटते हो, फार लाज वाटते.

त्यावर कडी म्हणजे, आप्पासो आले तेव्हा 'मीच दुरुस्त केलं' म्हणालो. आता शनिवारच्या सभेत मिस्त्रीला कायमचं काढायचा ठराव आणि मला शाल-श्रीफळ, एकापाठोपाठ.

तुमचा,
नानासो

ता. क. : कारखान्याच्या कागदावर 'चूक आमचीच' अशा दोन ओळी लिहून पाठवाल का? कुणाचंच नाव खराब होणार नाही.

ता. क. २ : वरची ता. क. खोडली आहे, वाचू नका. (हे पोस्टातल्या दोरी बांधलेल्या पेनाने लिहितो आहे.) दारातच हुसेन भेटला. म्हणाला, "पाव्हण्यास्नी पत्र व्हय? सलाम सांगा आमचा. मशीन लय झ्याक बनवलंय." शरच्चंद्रराव, शनिवारी तुम्ही स्वतः या आणि हे पत्र सभेत मोठ्याने वाचा. माझी जीभ उचलणार नाही. मी हुसेनशेजारी बसेन, त्याने बसू दिलं तर. विनोदिनीला आणू नका. कुंकवाचा भाग मात्र गाळू नका.