पहिल्या पाळीचे पाणी

भुईगाव, वसई
९ जानेवारी २०००

आपल्या सेक्शनमधले शिल्लक राहिलेले एकमेव शहाणे गृहस्थ प्रल्हादराव यांस,

दयारामचा एक जुना सॅल्यूट आणि दोन ताजे रामराम. तुझा गुडघा, वहिनींची साखर आणि तुमच्या म्हशीचा स्वभाव, तिन्ही आता कशी आहेत ते कळव. माझा डावा पाय थंडीत ठणकतो, पण वाडीत चालतो. यशोदा उत्तम आहे. (तिच्या उत्तम असण्याचा त्रास घरातल्या बाकीच्यांनी सोसायचा असतो.)

पत्रास कारण की, माझा पुन्हा सत्कार होणार आहे. गेल्या उन्हाळ्यात कारगिल झाले आणि तेव्हापासून माझा भाव राजेळी केळ्यापेक्षा वर गेला आहे. एकाहत्तरच्या लढाईनंतर अठ्ठावीस वर्षे या तालुक्यात मला कुत्रे विचारत नव्हते. सात वर्षांत नोकरी सोडली म्हणून पेन्शन नाही, आणि वडील वारले, वाडी ओस पडली म्हणून सोडली हे कारण कुठल्याच साहेबाच्या फॉर्मात बसले नाही. आता मात्र सहा महिन्यांत तीन सत्कार झाले. तीन शाली मिळाल्या, त्या वाळत घातलेल्या केळ्यांवर, म्हणजे आमच्या सुकेळीवर, रात्री दव पडू नये म्हणून घालतो. तीन नारळ मिळाले. ज्याच्या दारात चाळीस माड आहेत त्याला नारळ देणाऱ्यांच्या बुद्धीचे कौतुक तूच कर, मला जमत नाही.

हा चौथा सत्कार गोखिवऱ्याच्या एका नव्या कॉलनीत आहे, सव्वीस तारखेला. त्याला यशोदा जबाबदार. ती तिथे गेटवर केळी आणि अळू विकायला बसते. कॉलनीचे सेक्रेटरी चंद्रहास नावाचे बँकेतले गृहस्थ अळूच्या जुडीवरून घासाघीस करू लागले, तेव्हा ती म्हणाली, आमच्या यांनी लढाईत पाय मोडून घेतला तो तुम्हाला अळू फुकट वाटायला नव्हे. अळूचा भाव उतरला नाही, पण गृहस्थ चौथ्या दिवशी वही घेऊन माझ्या ओट्यावर हजर. म्हणाले, युनिफॉर्म घालून या. आता त्यांना काय सांगू? युनिफॉर्म मी अठ्ठ्याहत्तर साली बुजगावण्याला चढवला. त्याने तो नऊ पावसाळे अंगावर वागवला, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षे जास्त नोकरी केली. पेन्शन त्यालाही नाही.

मग ते म्हणाले, तुमची ती गोष्ट सांगा. कुठली गोष्ट, ते तुला कळलेच असेल. लढाईत जखमी झालेल्या आपल्या फेबियनला मी पाठीवर घेऊन आणल्याची. पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी त्याला एक शेत ओलांडून आणला होता. पहिल्या सत्कारात ते अर्धा मैल झाले, दुसऱ्यात दोन मैल, आणि तिसऱ्यात एका बाईंनी भाषणात मला बर्फातून चालवले. (शकरगडच्या उसात बर्फ! तू असतास तर खुर्चीवरून पडला असतास.) चंद्रहासांनी पत्रिकेत पाच किलोमीटर छापले आहेत. माझा मोडका पाय बघून कुणाला शंका येत नाही, उलट टाळ्या वाढतात.

प्रल्हाद, खरे काय झाले ते तुला ठाऊक आहे, आणि आता जिवंत माणसांत ते फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. तरी एकदा कागदावर सरळ लिहून बघतो, कारण इतकी वर्षे उलटे सांगून मलाच कधी कधी खरे वाटायला लागते. सकाळचे धुके होते. आपण उसाच्या कडेने पुढे सरकत होतो. गाव रिकामे, शेतकरी पळालेले, आणि एका ठिकाणी पाट फुटून पाणी धो धो वाया चाललेले. पाण्याच्या पाळीसाठी भावाभावांत कोयते निघतात अशा गावचा मी. शत्रूचा ऊस, शत्रूचे पाणी, पण मला बघवेना. मी रायफल बांधावर ठेवली, दोन्ही हातांनी चिखल घेतला आणि भगदाड बुजवायला बसलो. जगात कुठल्याही सैनिकाने युद्ध थांबवून शेताला पाणी लावले नसेल. तुम्ही सगळे पुढे गेलात. गोळा पडला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत चिखलात होते. फेबियन परत आला. त्याने मला पाठीवर टाकला आणि तुझ्या खड्ड्यात आणून आदळला. वाटेत त्याच्या भाषेत मला शिव्या देत होता, गाढव म्हणाला, माळी म्हणाला. मग मीच ओरडलो की माझी रायफल राहिली. रायफल हरवली तर कोर्टमार्शल, एवढेच त्या वेळी डोक्यात होते. तो रायफल आणायला गेला. तो आला नाही. तू हवालदाराला सांगितलेस की दयाराम बाटलीत पाणी भरत होता. तुझे ते उपकार मी विसरलेलो नाही.

हॉस्पिटलातून सुटून त्याची ट्रंक घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्यांचे घर आमच्या वाडीला लागूनच. त्याची आई दारात उभी होती, मागे धाकटी बहीण सुझान. म्हातारीने काहीच विचारले नाही. विचारले असते तर कदाचित खरे बोललो असतो. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी बोलून गेलो की मी त्याला पाठीवर घेऊन आणला, शेवटी तो एकटा नव्हता.

आता पाण्याचे ऐक. आमच्याकडे वाडीत बावखल असते, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. आमचे आणि त्यांचे एकच आहे. पाऊस सरला की पाळी लागते. पहिल्या पाळीचा माणूस पोटभर पाणी घेतो, दुसऱ्याने झरे भरेपर्यंत वाट बघायची. पहिली पाळी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची. त्या वर्षी म्हातारी स्वतः आली आणि म्हणाली, दयाराम, आजपासून पहिली पाळी तुझी. मी नको म्हणालो, पण फार जोरात म्हणालो नाही. ती शहाऐंशी साली गेली. सुझानने लग्न केले नाही, वाडी एकटीने राखली, आणि पहिली पाळी मलाच ठेवली. पूर्वी दुसऱ्या पाळीलाही पाणी पुरायचे. आता आसपासच्या विहिरींवरून दिवसभर टँकर भरून पलीकडच्या कॉलन्यांत जातात (माझ्या सत्काराला बाटलीतले पाणी ठेवणार आहेत, पण आंघोळी आमच्याच पाण्याने करतात) आणि बावखल एप्रिलातच तळ दाखवते. गेल्या मे महिन्यात माझी केळ हिरवीगार होती आणि बांधापलीकडे सुझानची साठ झाडे उभी जळाली. मला माझी शरम वाटते, प्रल्हाद, पण शरमेने काही माझे पाणी कमी झाले नाही.

आणि सव्वीस तारखेला ती शाल मला सुझानच्याच हातून देणार आहेत.

तुझा पत्ता चंद्रहासांनी माझ्या वहीतून उतरवून घेतला. तुला पत्रिका येईल, जाण्यायेण्याचे तिकीटही देतील. तू येऊ नकोस. गुडघ्याचे कारण सांग, म्हशीचे सांग, काहीही सांग. तू समोर बसलास तर माझ्या तोंडून पाच किलोमीटर निघणार नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दयाराम

ता. क. : सोबत सुकेळी पाठवत आहे. शालीखाली सुकलेली आहेत, तेव्हा मानाने खा. वहिनींना देऊ नकोस.

ता. क. दुसरा (११ जानेवारी) : पार्सल शिवण्यात पत्र टाकायचे राहिले, ते बरे झाले. आज सकाळी सुझान आली. चंद्रहासांनी तिलाही दोन शब्द बोलायला सांगितले आहे. म्हणाली, "दयाराम, स्टेजवर मी काय सांगू? तू सांगतोस ते, की फादरांनी वाचलेलं ते?" मी म्हटले, फादरांनी काय वाचले? तर म्हणाली, मी ट्रंक घेऊन गेलो त्याच्या आठ दिवस आधी कंपनी कमांडरचे इंग्रजी पत्र आले होते. चर्चच्या फादरांनी ते या मायलेकींच्या घरी बसून वाचून दाखवले. फेबियनने जखमी साथीदाराला पाठीवरून आणले, त्याची रायफल आणायला परत गेला. साथीदाराचे नावही होते त्यात. म्हणजे मी दारात उभा राहून थापा मारत होतो, तेव्हा दोघींना सगळे माहीत होते. मी विचारले, मग पाणी का दिलेत? सुझान म्हणाली, तेच मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "माझ्या पोराने पाठीवरून आनलेला मानूस हाय. त्याची वाडी सुकाया नको."

अठ्ठावीस वर्षे मी ते पाणी चोरीचे समजून घेत होतो, प्रल्हाद. ते दिलेले होते. चोरीचे होते तेच बरे होते.

ता. क. तिसरा : वर लिहिलेले विसर आणि ये. पहिल्या रांगेत बस. मी पुन्हा फेबियनला पाठीवर घेऊन चालू लागलो, तर भर सभेत उठून उभा राहा. बाकीचे मी सांगेन.

ता. क. शेवटचा : आजपासून पहिली पाळी सुझानची केली. तिला नको होती, भांडून दिली. दुपारी तिच्या वाडीत पाट एका ठिकाणी फुटला आणि पाणी वाया जाऊ लागले. मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी चिखल घेऊन बुजवला. बुजवून झाल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिलो. मागून कुणी शिव्या देत आले नाही.