सगळी धूळ बाहेर

१६ फेब्रुवारी, रविवार
दिवाळीपासून एक ओळ लिहिलेली नाही. माफी मागायला हवी. कोणाची, हा प्रश्न आहे, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तरी मागतो. कारण अगदीच खोटं नाही: मागच्या खोलीत लिहायला बसलो की पानावर लाकडाचा भुसा बसायचा आणि पेन अडायचं.

आज लिहिण्यासारखं आहे. अर्पिता पाडव्याला येणार. पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्याकडे आर्णीला, हे ठरलेलंच होतं. पण ममताने अट घातली. पोरगी दोन जिवांची, तिले लहानपणापासून शिंकांचा त्रास. घरात भुसा दिसला तर तुमचं सुतारकाम बंद अन् मशीन भंगारात. मी म्हणालो, मान्य. ती म्हणाली, मले नका सांगू, लेकीले सांगा. फोन लावला. लेकीला शब्द दिला.

पाळणा मात्र मीच करणार. सागवान आणून ठेवलंय. म्हणजे भुसा तर होणारच, पण दिसता कामा नये. ठराव: खोली धूळमुक्त करणे. सुरुवात उद्या, चहानंतर.

२३ फेब्रुवारी, रविवार
चहानंतर सुरुवात झाली नाही. बारावीच्या परीक्षेची ड्युटी होती. आज केली. ममताचा व्हॅक्यूम क्लीनर कटर मशीनला जोडला. चांगला चालला. मग वास आला. मग चालला नाही.
तिला सांगायला हवं. चहानंतर सांगतो.

२४ फेब्रुवारी
सांगायचं राहिलं. तिने स्वतःच बटण दाबून पाहिलं.

२ मार्च, रविवार
मेहुणा प्रफुल्ल ब्लोअर आणि पाइप घेऊन आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याने आमची मागची खोली गोडाऊनसाठी गेल्या वर्षी मागितली होती, मी नाही म्हटलं होतं. तरी मनात काही न ठेवता आला. माणूस मोठ्या मनाचा.

तत्त्व असं. ब्लोअर भुसा ओढतो. जाड भुसा मधल्या ड्रममध्ये गोल फिरून खाली पडतो. बारीक धूळ पुढे जाते आणि कापडी पिशवीत अडकते. पिशवी मी जुन्या डबल बेडशीटची शिवून घेतली. ब्लोअर सुरू केला. पिशवी छतापर्यंत फुगली. प्रफुल्ल म्हणाला, भाऊजी, पाळणा करून राह्यले का गॅसचा फुगा? तेवढ्यात शिवण उसवली.
दोघंही अंघोळ करून जेवायला बसलो. ममताने ताटं अंगणात वाढली होती.

९ मार्च, रविवार
सापडलं! धूळ पकडायची कशाला? बाहेर घालवायची. मागच्या भिंतीला भोक पाडून पाइप सरळ बोळात काढला. तोंडाला एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकलेला तुकडा, लावून ते आडवं केलं, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. बोळात कोणी जात नाही, कोणी येत नाही. अर्पिताच्या खिडकीखाली कुलरचा लोखंडी स्टँड तेवढा रिकामा उभा आहे. त्यावरच बसून काम केलं. फार सोयीचा पडला.

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. वाऱ्याला वाट दिली की तो भांडत नाही. स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, यात काही राहिलं का? काही राहिलेलं नाही.

१६ मार्च, रविवार
होळी झाली. गच्चीवरून कुलर उतरवला. प्रफुल्लने उचलला, मी सूचना दिल्या. वाळ्याच्या नव्या ताट्या भरून स्टँडवर बसवला. अर्पिताच्या खोलीत आता थंडगार.

दिवसभर लाकूड कापलं. संध्याकाळी खोलीतल्या टेबलावर काळं कापड फिरवलं. स्वच्छ! कापड ममताला दाखवलं. ती म्हणाली, बरं.

३० मार्च, पाडवा
अर्पिता आली. आल्या आल्या माझ्या खोलीत गेली, फळीवर बोट फिरवलं, बोट पाहिलं. बाबा, तुम्ही तर कमाल केली, म्हणाली. पाळण्याचा उभा खांब हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. माझा घसा जरा भरून आला. घसा भरायला खोलीत धूळ नव्हती, हे नोंदवून ठेवतो.

६ एप्रिल, रविवार
अर्पिताला शिंका. ममता म्हणते, पलंगाच्या उशाशी धूळ आहे. लगेच माझ्या खोलीत काळं कापड फिरवलं. काही नाही. तेव्हा ती माझी नाही. नांगरटीचे दिवस आहेत, वावटळी सुटल्या आहेत, काळी माती उडते. हे शांतपणे समजावून सांगितलं. ममता म्हणाली, काळी माती कवापासून तांबूस झाली, सर?
रागावली की ती मला सर म्हणते.

१३ एप्रिल, रविवार
शिंका वाढल्या. अर्पिता म्हणाली, बाबा, खोलीत सागवानाचा वास येतो. मला बरं वाटलं. अर्धवट झोपेत तिला पाळणाच आठवत असणार.
कुलरच्या टाकीतलं पाणी चहासारखं झालंय, असंही ममता म्हणाली. बोअरच्या पाण्यात लोह असतं.
तरी माझ्यामुळे कणभरही शंका नको, म्हणून खोलीच्या दाराला चारी बाजूंनी फोमची पट्टी लावली आणि ब्लोअर बदलून मोठा बसवला. इतकी काळजी कोण घेतो?

२० एप्रिल, रविवार
आठवडाभर पेपर तपासायला यवतमाळला होतो. आज परतलो. विचारलं, शिंका? नाही. धूळ? नाही. ममता मुद्दाम सांगत होती, तुमी गेलते तर घर कसं लख्ख होतं.
दुपारी पाळण्याचे गज घासले. संध्याकाळी पलंगावर धूळ.

बराच वेळ विचार केला. मी घरात नसताना धूळ नसते. मी आलो की होते. म्हणजे ती मला दाखवण्यासाठी होते. हा विचार मनात आला याची लाज वाटते. पण प्रफुल्लला खोली गोडाऊनसाठी हवी होती, हेही खरं आहे. आणि ममता त्याची बहीण आहे, हेही.

२१ एप्रिल
रात्रीचं लिहिलेलं वाचलं. अन्यायकारक वाटलं. खोडणार होतो. तेवढ्यात ममता फोनवर प्रफुल्लशी हळू आवाजात बोलताना दिसली. खोडलं नाही.

४ मे, रविवार
अर्पिता गेली.
परत उमरखेडला, सासरी. जावई गोपाल घ्यायला आले, प्रफुल्लने गाडी दिली. माझ्या घरातून माझी मुलगी गेली आणि मला चहाच्या वेळी कळलं. मी ममताला म्हणालो, एका शब्दाने सांगितलं नाही? ती म्हणाली, ती सोता तुमच्या दारात येऊन सांगून गेली. तुमी अंगठा दाखवला.

आठवतं. ब्लोअर सुरू होता, कानात आवाज अडवायचे बोळे होते. ती दारात उभी राहून काही बोलली. मला वाटलं, चहा घेता का विचारते.

गोपालराव जाताना म्हणाले म्हणे, डॉक्टरीण बोलली, इतक्या शिंका बऱ्या नाहीत. विहीणबाई कोकिळाताईंचा निरोपही आला, आमच्याकडंच होऊ द्या बाळंतपण, तिचं माहेरपण आम्ही करू. किती गोड बोलतात लोक.

५ मे
घरभेदी कोण, हे मी लिहिणार नाही. नावं मला माहीत आहेत. एक माझं जेवण वाढते. दुसऱ्याने माझ्याच घरात ब्लोअर आणून दिला आणि माझ्याच दारातून गाडी काढली.
ब्लोअरने मात्र दगा दिला नाही. आजही काळं कापड स्वच्छ.

११ मे, रविवार
पाळणा झाला. कडा हाताने घासल्या. बाळाच्या बोटाला कुसळ लागणार नाही. झुलवून पाहिला, आवाज येत नाही. कोणी बघायला आलं नाही. बोलावलंही नाही मी. का बोलवावं?

अर्पिताशी बोललो. आवाज मोकळा. मधे एकदाही शिंकली नाही. आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं. उमरखेडची धूळ तिला चालते, बापाच्या घरची चालत नाही. हे लिहिताना कळतंय की हे बापाचं बोलणं नाही. तरी राहू देतो.

१८ मे, रविवार
ममता म्हणाली, कुलर हवाच फेकत नाही, प्रफुल्लले बोलावते. मी म्हणालो, प्रफुल्ल कशाला? मी मेलो काय? बोळात गेलो आणि मागची ताटी ओढून काढली.

ताटीवर थर होता. ओला, तांबूस, पुरणासारखा. बोटाने काढून हुंगला. सागवान.

वर पाहिलं. एल्बोचं तोंड कुलरच्या पाठीवर रोखलेलं. हातभर अंतर. खाली पाहिलं, तर मार्चमध्ये मी ज्या स्टँडवर बसून ते तोंड तिकडे वळवलं, तोच स्टँड. खोलीतली बारीकातली बारीक धूळ मी इतकी नीट बाहेर काढली होती की तिचा एक कणही वाया गेला नव्हता. सगळी माझ्या लेकीच्या उशाशी पोहोचली. आणि मोठा ब्लोअर मी तिच्या काळजीपोटी बसवला.

बोळातच बसून राहिलो. मग एल्बो दुसरीकडे फिरवावा म्हटलं. दुसरीकडे शेजारच्या उकंडाभाऊंची खिडकी. त्यांचाही कुलर.

शेवटी ताटी धुतली. टाकी धुतली. नवी ताटी भरली. हे करताना मी पुरावा धुतोय की कुलर, हा प्रश्न मनात आला. उत्तर माहीत होतं. हात थांबले नाहीत.

ममता बाहेर आली तर कुलर झुळझुळ वाहत होता. ती पाहतच राहिली. अवं बाप्पा, लग्नापासून पहिल्यांदा कुलर धुतला तुमी! डोळ्याला पदर लावला तिने. लगेच अर्पिताला फोन. तुह्या बाबानं तुह्यासाठी सोताच्या हातानं कुलर धुतला वं. फोन माझ्या कानाला लावला. अर्पिता म्हणाली, बाबा, धूळ कुलरचीच होती, मी उगाच तुमच्या खोलीवर आळ घेतला. मी येते पुढच्या रविवारी. पाळणा तिथंच ठेवा.
मी हूं म्हणालो.

संध्याकाळी प्रफुल्ल आला. भाऊजी, तुमाले न सांगता गाडी द्यायला नको होती, चुकलो, म्हणाला. त्यालाही हूं म्हणालो. रात्री ममताने शेवयाची खीर केली. दोन वाट्या खाल्ल्या. गोड लागली, याचंच वाईट वाटलं.

ब्लोअर बंद ठेवला तर धूळ होणार नाही, अर्पिता येईल, आणि कोणाला कधी कळणार नाही. पण मशीन भंगारात द्यायचा शब्द मी तिलाच दिला होता. तीच आता माझी माफी मागते आहे.

उद्या: ममताला सांगणे. चहाच्या आधी.