स्क्रूवरचं नेलपॉलिश

अण्णा, तुमच्यावरचा माझा संशय इतकी वर्षं गेला नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, माझे केस पिकले, तरी मनात मी तुम्हाला समोर बसवते आणि एकच विचारते, की त्या रविवारच्या आदल्या दिवशी माझी जॉयस्टिक उघडून तुम्ही आत काय केलं होतं? आणि संशय घ्यायला मी कुणाकडून शिकले, ते तर विचारूच नका. औरंगपुऱ्यातल्या आपल्या दुकानात टीव्ही दुरुस्तीला टाकणारं गिऱ्हाईक आधी आतल्या पार्टांवर खिळ्यानं स्वतःची खूण ओरखडायचं, तुम्ही पार्ट बदलाल म्हणून. तुमचं डोकं फिरायचं. पण तुम्ही तरी काय कमी होतात? दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकायचात. ती वस्तू परत आली आणि थेंबाला चीर दिसली, की पुढचं काही ऐकून न घेता म्हणायचात, "उघडलंय तुम्ही. नाय म्हणू नका." आईनं जन्मात कधी नखं रंगवली नाहीत, आणि तुम्ही मात्र बांगडीवाल्याकडून बाटली घ्यायचात. त्यावरून ती तुम्हाला लई चिडवायची.

एका डॉक्टरांनी त्यांचा बंद पडलेला कॉम्प्युटर तुम्हाला देऊन टाकला आणि तुम्ही तो चालू केलात, ते वर्ष आठवतं. नुसता कीबोर्ड दिसायचा, टीव्हीला जोडायचा, आणि गेम टेपरेकॉर्डरवरून चढवायचा. कॅसेट किरकिर किरकिर करत राहायची आणि आम्ही दोघं बहीणभाऊ श्वास रोखून बसायचो. जॉयस्टिक आपल्याकडं कुठं मिळायची? डॉक्टरांची मोडकी तुम्ही उकलून पाहिली, म्हणालात, यात काय आहे, चार बटणं तर आहेत. मग लाईटच्या बोर्डाची लाकडी पेटी, वर सनमायकाचं झाकण, मधे स्क्रूड्रायव्हरची मूठ, आणि आत चार बाजूंना चार पितळी पट्ट्या. मूठ ज्या बाजूला कलेल त्या बाजूची पट्टी टेकायची आणि पडद्यावरचं विमान तिकडं सरकायचं. अशा दोन केल्यात, एक मला, एक धाकट्याला. दोन्हींच्या स्क्रूंवर लाल थेंब. घरातल्या माणसांवरसुद्धा तुमचा भरवसा नव्हता.

माझी डावीकडं धड चालत नव्हती. मी रोज कटकट करायचे आणि तुम्ही रोज मलाच बोलायचात, मूठ अशी काय आवळतीस, कोंबडीची मान आहे का ती, हात सैल सोड. मी मनात म्हणायचे, धाकट्याला चांगली दिलीय, मला खराब. कारण तोवर तुम्ही सांगून टाकलं होतं, की दुकानाच्या बाकावर जागा एकाचीच आहे, आणि ज्याचा हात थांबवायचा तिथं थांबतो, त्याला सोल्डरिंग शिकवीन. रविवारी तीन डाव. जिंकेल तो बाकावर. मला ते बाक हवं होतं, अण्णा. सोल्डर वितळताना उठणाऱ्या त्या राळेच्या धुराचा वास मला अत्तरापेक्षा जास्त आवडायचा. नात्यातल्या बायका म्हणायच्या, पोरीला दुकानात बसवतं का कुणी. तुम्ही त्यांना व्हय म्हणाला नाहीत की नाय म्हणाला नाहीत.

शनिवारी दुपारी मी तुमचा डबा घेऊन दुकानात येते. तुम्ही पाठमोरे बसलेले. बाकावर पेटी उघडी पडलीय, मूठ निळी, म्हणजे माझीच. माझी चाहूल लागते आणि तुम्ही झटकन पेपर ओढून तिच्यावर टाकता. डबा ठेव आणि जा म्हणता, माझ्याकडं न बघता. चोरी पकडली गेलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी एक डाव त्यानं घेतला, एक मी. तिसऱ्यात मी पुढं होते. वरून दगड येत होते, डावीकडं फट होती, मी मूठ नेहमीसारखी जोरात दाबली, आणि विमान वेड्यासारखं सुसाट डावीकडं गेलं ते थेट भिंतीवर. असं ते याआधी कधीच गेलं नव्हतं. धाकटा नाचला. तुम्ही उठून माठाकडं पाणी प्यायला गेलात, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिलात. मला आणखी पुरावा काय पाहिजे होता?

मला क्रांती चौकात टायपिंगच्या क्लासला घातलं. पुढं करमाडजवळच्या एका कारखान्यात माल तपासायची नोकरी लागली; लोकांच्या चुका हुडकण्यात जन्म गेला, आणि खोटं कशाला सांगू, मला ते जमायचंही छान. धाकटा बाकावर बसला. तुमच्यामागं त्यानंच दुकान सांभाळलं, आता मोबाईल दुरुस्त करतो, लांबून लोक येतात त्याच्याकडं. तुमच्या वर्षश्राद्धाला कशावरून तरी आमची वादावादी झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की तू जिंकला नव्हतास, अण्णांनी माझी जॉयस्टिक बिघडवून तुला जिंकवलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो एवढंच म्हणाला, "मग ताई, हे बाक तुझं होतं म्हण की." त्यानंतर त्यानं तुमचा फोटो दुकानातून काढून मागच्या खोलीत नेला. त्याच्या हाताचं कुणी कौतुक केलं, की तो मान खाली घालतो. मी बघितलंय, आणि बघून गप्प बसलेय.

गेल्या महिन्यात दुकानाचं फर्निचर बदलताना त्याला माळ्यावर माझी पेटी सापडली. निळी मूठ, चारही थेंब जसेच्या तसे. फोन करून म्हणाला, तुझ्याकडं पाठवतो, रविवारी येतो, दोघं मिळून उघडू, एकदाचं काय ते कळू दे. मला रविवारपर्यंत दम निघाला नाही. काल दुपारी मी पेटी उघडली.

वर, खाली, उजवीकडं एकेकच पट्टी आहे, जुन्या काळ्या पडलेल्या सोल्डरची. डावीकडं दोन आहेत. दुसरी नंतर जोडलेली, सोल्डर वेगळं, आणि पट्टी इतकी जवळ आणलीय, की मूठ नुसती कलली तरी टेकते. मी बोटानं दहादा करून पाहिलं. म्हणजे मी रोज जिची कटकट करायचे, ती डावी बाजू जोर न लावता चालावी म्हणून. अण्णा, तुम्ही लबाडी केली होती, पण माझ्यासाठी. तुम्हाला मी बाकावर पाहिजे होते. पेपर टाकलात तो धाकट्याला कळू नये म्हणून, आणि मी त्याला सांगून बसेन म्हणून मलाही सांगितलं नाहीत. एक शब्द तरी बोलायचा होता, की पोरी, आता जोर लावू नको, डावीकडची हलकी केलीय. मी सवयीनं आवळली आणि भिंतीवर गेले. तुमचा कुणावर भरवसाच नव्हता हो, माझ्यावरसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात बसून रडले. मग रागही आला. मग धाकट्याची आठवण झाली. त्या पोरानं साध्या, एकेका पट्टीच्या जॉयस्टिकवर खेळून डाव घेतला होता, आणि इतकी वर्षं मी ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

हे पत्र तुम्हाला कुठं टाकणार? घडी केली तर पेटीत बसतं, मुठीच्या शेजारी. झाकण लावून चारही स्क्रू आवळीन आणि नेलपॉलिश लावीन. त्याला तोंडानं सांगायची माझ्यात हिंमत नाही, हे तुमच्यापाशी कबूल करते. बांगडीवाल्याकडं लाल बाटली होती, अगदी तुमच्यासारखी. मी मुद्दाम गुलाबी आणलीय. तो तुमच्या हाताखाली शिकलेला आहे. रविवारी पेटी हातात घेतल्या घेतल्या म्हणेल, "उघडलंय तू. नाय म्हणू नको."