जुळत नाही म्हणून सांगा

चंदनसार, विरार (पूर्व)
दि. ९ फेब्रुवारी २००३

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावर मुद्दामच माझं नाव घातलं नाही, अक्षरावरून ओळखशील म्हणून. ओळखलंस ना? अजून तसंच आहे, मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं. तू नंदाखालला, मी चंदनसारला. मधे फक्त रेल्वेचे रूळ आणि आगाशीवरून जाणारी एसटी. पत्र लिहावं लागावं इतकं काही अंतर नाही, पण आपला फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये बाबा असतात.

मी एकदाची एफ.वाय.ला आले. बारावीला दोनदा आपटले, ते तुला कळलं नसेल. तत्त्वज्ञान घेतलंय. आई म्हणते, "त्यानं नोकरी लागते का?" लागत नसावी. पण सर असले प्रश्न टाकतात की घरी पोचेपर्यंत डोक्यात भुंगा. परवा विचारलं, खोटं बोलून कोणाचंच नुकसान होत नसेल, तर ते खोटं वाईट का? मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "पकडलो गेलो तर, सर!" सगळे हसले. सरसुद्धा हसले. मग म्हणाले, "कोणाचंच नुकसान होत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या दिवशी पुढचं मी काही उतरवून घेतलं नाही.

बरं, आता मुद्द्याचं. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सातिवलीच्या कंपनीत स्टोअर सांभाळताना त्यांचे पाय सुजायचे, आपण म्हणायचो उभं राहून असेल. दिवाळीपासून डायलिसिस चालू आहे. पाणी मोजून द्यायचं. टँकर आला की कळश्या घेऊन धावण्यात आपली अख्खी शाळा गेली, आणि आता त्याच घरात आई भरलेल्या पिंपाच्या झाकणावर पाटा ठेवते, बाबांनी उघडू नये म्हणून. मागच्या रविवारी मी बाथरूमचं दार ढकललं तर बाबा बादलीवर वाकून ओंजळीनं पीत होते. मला बघून म्हणाले, "आईला सांगू नकोस गं." मी नाही सांगितलं. संध्याकाळी त्यांना दम लागला, झोपताच येईना, रिक्षा करून दवाखान्यात न्यावं लागलं. मी बरोबर केलं की चूक? हा प्रश्न सर काही पेपरात घालणार नाहीत.

डॉक्टर म्हणतात, घरातल्या कोणाची किडनी मिळाली तर माणूस उभा राहील. नाहीतर असंच चालेल, चालेल तोवर. आईचा रक्तगट वेगळा. काकांना शुगर. माझ्या तपासण्या झाल्या, पण जुळत नाही म्हणून सांगितलं. राहिलीस तू.

तू जेम्सशी लग्न केलंस त्या दिवशी बाबांनी तुझ्या नावानं आंघोळ केली, हे तुला कोणीतरी सांगितलंच असेल. डोक्यावरून पाणी घेतलं आणि म्हणाले, "थोरली गेली." मी टॉवेल घेऊन दारात उभी होते. ज्या मुलीला मेली म्हटलं तिच्याकडे किडनी मागायची कोणत्या तोंडानं, असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, "तोंड माझं. तू फक्त लिही." म्हणून लिहिलं.

तू नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही. तुझ्या छोट्या आर्याला पापा. मी तिला अजून पाहिलेलंही नाही.

तुझी,
विनू


चंदनसार
दि. २० फेब्रुवारी २००३

प्रिय ताई,

तुझं पत्र सोमवारी आलं. पुरतं पानभरही नाही. 'मी देते. जेम्सशी बोलले. आर्याचं अंगावरचं दूध सोडवायला घेतलंय, रात्रभर रडते, पण होईल सवय. मंगळवारी, २५ तारखेला तपासणीला येते.' रागाचा एक शब्द नाही. भांडली असतीस तर बरं झालं असतं गं.

आईनं पत्र देवापुढे ठेवलं, मग जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. खांदे हलत होते. थोड्या वेळानं मला हाक मारली. सुया टोचून टोचून त्यांचा हात काळानिळा झालाय, तो माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "विनू, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तुझं जुळलं नाही, त्यात तुझा काय दोष?" मी उठून गॅलरीत गेले आणि दोरीवरचे ओले कपडे तसेच काढून आणले. आई म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

ताई, माझं जुळतं.

सगळं जुळतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर बसवलं आणि मला एकटीला विचारलं, "घरच्यांची जबरदस्ती नाही ना?" मी नाही म्हटलं. खरंच नव्हती. मुळात माझ्याकडे कोणी मागितलीच नव्हती, मी देणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मग त्या म्हणाल्या, "तुला स्वतःला द्यायचीय का?" वीस वर्षांत मला असं पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. तोंडातून 'नाही' निघून गेलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. घरी काय सांगू?" मी म्हटलं, "जुळत नाही म्हणून सांगा." त्या म्हणाल्या, "दाता म्हणून योग्य नाही, एवढंच सांगेन." 'जुळत नाही' हे घरी येऊन मी सांगितलं. ते शब्द माझे.

का नाही म्हणाले? कारण भ्याले. पोट फाडणार, टाके घालणार, आणि उद्या माझीच उरलेली एक गेली तर मला कोण देणार, असं वाटलं. थोडा रागही होता. तू गेल्यावर घरातली चांगली मुलगी व्हायचं काम माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं, त्याचा वीट आला होता. पण खरं म्हणशील तर रागाचं नंतर सुचलं. आधी भीतीच होती.

लायब्ररीत जाऊन पुस्तकं चाळली. माझ्या शरीरावर हक्क माझा, असं लिहिलेलं सापडलं. आईबापाचं ऋण फिटत नसतं, असंही सापडलं. पुस्तकात दोन्ही बाजू असतात, ज्याला जी सोयीची ती त्यानं उचलावी. मग सरांनाच आडून विचारलं. म्हटलं, "सर, एकानं नाही म्हटलं आणि त्यामुळे दुसऱ्यावर वेळ आली तर?" सर फळा पुसता पुसता म्हणाले, "नाही म्हणायचा हक्क त्याला आहे. लपवायचा आहे का, ते बघ." त्यांना वाटलं मी परीक्षेचं विचारतेय. म्हणाले, "पाच मार्कांना येऊ शकतो."

काल मी पुन्हा त्या बाईंकडे गेले होते. देते म्हणून सांगायला. दारावरची पाटी वाचली, आतून कोणाचा तरी खोकला ऐकला आणि परत आले. हे सांगायला नको होतं, पण अर्धं खरं सांगायचा कंटाळा आलाय.

मला कळतंय, तुला हे सांगून मी मोकळी होतेय आणि तुला अडकवतेय. आता तू हो म्हणालीस तर माझ्या वाटचं देतेस, नाही म्हणालीस तर बाबा गेल्याचं पाप आपण दोघी अर्धं अर्धं वाटून घेणार. हे काही न्यायाचं नाही. म्हणून नुसतं तुला सांगून भागणार नाही.

हे पत्र पेटीत टाकून मी घरी जाणार आहे आणि आईला सांगणार आहे. बाबांच्या समोर, हॉलमध्येच. आई मारेल बहुतेक. बाबा काय करतील माहीत नाही. मग आई विचारेल, "मग आता देतेस का?" त्यावर मी काय म्हणेन ते आत्ता, हे लिहिताना, मला ठाऊक नाही. हो म्हणेन असं लिहिलं तर तुला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं असेल, आणि तसलं माझं पुष्कळ करून झालंय. भीती तशीच आहे.

पण तो प्रश्न माझ्याकडे आला होता, ताई. मी तो उचलून तुझ्या दारात नेऊन ठेवला, आणि तू लेकराला रडवत बसलीस.

आर्याला पाज. मंगळवारी येऊ नकोस. आधी माझा नंबर आहे.

तुझी धाकटी,
विनया