डावीकडून फेरी

प्रिय खारूताई,

त्या सकाळी मी बरण्या पुसत होते. मीठ, साखर, डाळी, चहापत्ती, सगळ्या मिळून बारा. फळीवरचा कागद बदलायचा म्हणून त्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या. गॅसवर दूध होतं, बादलीत तुझा शाळेचा गणवेश भिजत होता आणि तू टेबलाखाली बसून बिस्कीट कुरतडत होतीस. तुझं हे नाव त्या टेबलाखालचंच. तेवढ्यात तुझे बाबा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आले आणि म्हणाले, थांब, उचलू नकोस, मला हव्यात त्या. त्यांनी बरण्या दोन ओळींत मांडल्या, सहा आणि सहा, आणि मला म्हणाले, आजपासून तू नवी भरती. दूध उतू गेलं ते त्यांच्यामुळे, पण बोलणी मला बसली, कारण नव्या भरतीनं सगळीकडे लक्ष ठेवायचं असतं म्हणे.

तेव्हा अणुभट्टी बंद होऊन थोडेच दिवस झाले होते. वीज करायचं काम संपलं, पण वापरून झालेलं इंधन कुठे जात नाही. ते आधी वर्षानुवर्षं पाण्यात निवतं, मग पोलादी डब्यात बंद करून काँक्रीटच्या जाड पिंपात ठेवतात आणि ती पिंपं उघड्यावर, मोठ्या ओट्यावर, ओळीनं उभी करतात. आत ऊब असतेच. पिंपाच्या खालच्या जाळीतून गार हवा शिरते आणि तापून वरच्या जाळीतून बाहेर पडते. पंखा नाही, पंप नाही. जाळ्या मोकळ्या राहिल्या की झालं. भट्टीवरच्या माणसांना शिकवायचं काम बाबांचं, म्हणून या पिंपांचा पहिला धडा त्यांना लिहायचा होता आणि तो त्यांनी माझ्यावर, चौथीत शाळा सुटलेल्या बाईवर, करून पाहिला. त्यांचं म्हणणं, तुला कळलं तर कुणालाही कळेल. हा टोमणा की कौतुक, ते मी कधी विचारलं नाही. फायदा माझाच झाला. त्यांच्या धड्यांचे कागद वाचता वाचता माझी जोडाक्षरांची भीती गेली, आणि मग मी हाताला लागेल ते वाचत सुटले, पुड्यांच्या कागदापासून वाचनालयातल्या जाड पुस्तकांपर्यंत. अजूनही ओळीखाली बोट लागतं. चारचौघांत मोठ्यानं वाचायची तर वेळच कधी येऊ दिली नाही.

धडा तुलाही पाठ होता. खाली डोळा, वर काटा. म्हणजे खालची जाळी वाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, आणि वरून निघणारी हवा किती तापली ते काट्यावर वाचायचं. काटा बरोबर आहे म्हणून वाकायचा कंटाळा करायचा नाही. फेरी संपल्यावर पाठ दुखली नाही तर फेरी झालीच नाही, असं ते सांगायचे. आणि फेरी नेहमी डावीकडून. का, तर आपलं टेबल उजव्या अंगानं भिंतीला टेकलेलं. तिकडून मुंगीलाही वाट नव्हती. भिंत स्वयंपाकघराची, पण सवय लागली ती पिंपांच्या ओट्यावरसुद्धा. तिथे चहूबाजूंनी मोकळं असूनही तुझे बाबा सगळ्यांना डावीकडून नेत राहिले. सव्वीस वर्षं. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि मास्तर डावीकडून जातात म्हणजे त्यात काहीतरी शास्त्र असणार असं धरून चालत.

पण नियम भट्टी चालू असतानाचे होते. माणूस चौकीवर बसणारा असो की ओट्यावर फेरी घालणारा, त्याला एकसष्ट धडे पार करावेच लागत. पंपांचे, झडपांचे, त्या मोठ्या नियंत्रण कक्षाचे. पुढे ती इमारतच पाडली, बाबांच्या बरोबरीच्या क्रेनकाकांनी जन्मभर चालवलेली क्रेनसुद्धा भंगारात गेली, धडे मात्र एकसष्टच राहिले. एके दिवशी बाबा घरी येऊन म्हणाले, आज मी दोन माणसांना नसलेल्या खोलीचं दार कुठे आहे ते शिकवलं, दोघंही पास झाले. मी हसले. ते हसले नाहीत. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एका पहारेकऱ्यानं पंपांच्या परीक्षेत नव्वद गुण मिळवले आणि ओट्यावर तीन जाळ्या पाल्यानं बुजत आलेल्या असताना तो ताठ मानेनं त्यांच्यासमोरून निघून गेला. बाबांनीच नंतर वाकून पाला काढला. त्या माणसाला ते रागावले नाहीत. म्हणाले, त्याच्या डोक्यात मी इतकं भरलंय की खाली बघायला जागाच राहिली नाही.

मग त्यांचं आजारपण. ते तू पाहिलंस, मी लिहीत नाही. त्यांचे सदरे मी तीनदा आत घेतले एवढंच सांगते. अंगावर लोंबणारं कापड त्यांना खपायचं नाही.

ते गेल्यावर वर्षभरात, तू जिथे अधिकारी आहेस त्या नियामक मंडळाचा आदेश आला, प्रशिक्षणाच्या नियमांतून पिंपांच्या साठवण केंद्राला सूट, आणि खाली सही तुझी. प्रशिक्षणाचं सभागृह बंद व्हायच्या दिवशी कामगारांनी चहा ठेवला आणि मास्तरांच्या बाईला आग्रहानं बोलावलं. तू सुट्टी काढून माझ्याबरोबर आलीस. क्रेनकाका बोलायला उभे राहिले. सूट म्हणजे ढील, म्हणाले, आणि दोराला ढील दिली की माल खाली येतो हे मला कुणी शिकवायला नको. मास्तरांनी सव्वीस वर्षं उभं केलं ते लेकीनं एका सहीत आडवं केलं. तू दारात माझा कोट हातावर घेऊन उभी होतीस. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

मला घरी सोडून निघताना तू त्या आदेशाची चौदा पानं टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, आई, तू तरी वाचायचं होतंस. त्याला आठ महिने झाले. तू दर रविवारी फोन करतेस, गोळ्या घेतल्या का विचारतेस, हवा कशी आहे विचारतेस, आणि ठेवतेस. पुड्यांचे कागद वाचणारी मी, तुझी चौदा पानं शिवणयंत्राच्या खणात ठेवून वर कापड पसरलं. क्रेनकाका खरं बोलत असतील तर ते मला तुझ्या अक्षरांत वाचायचं नव्हतं.

मागच्या महिन्यात केंद्रावरची एक नवी पहारेकरीण गणवेश आत घ्यायला आली. मी स्टुलावर बसून तिच्या पाटलोणीला टाचण्या लावत होते, चार टाचण्या तोंडात धरलेल्या, आणि बाईचं तोंड काही थांबत नव्हतं. काकू, म्हणाली, बाकी सगळं समजलं, पण आमच्याकडे फेरी डावीकडूनच का घालतात ते देवालाच ठाऊक. आमच्या पाळीच्या बाईंना विचारलं तर म्हणतात, कागदात लिहिलंय, गप चाल. आधी मला वाटलं वाऱ्याचं काहीतरी असेल, मग वाटलं किरणांचं असेल. मला उत्तर येत होतं, पण तोंडात टाचण्या. ती गेली तशी मी खणातून तुझी पानं काढली.

रोज एक पान वाचलं. तुमची भाषा मोठी कोरडी असते गं, एका वाक्यात तीनदा 'सदर', पण मी बाबांच्या हाताखाली शिकलेली, मागे हटले नाही. दुसऱ्या पानावर तू स्वतःच लिहून दिलेलं वाचलं, की या केंद्रात आपले वडील शिकवत होते, म्हणून सगळी छाननी दुसऱ्या अधिकाऱ्यानं स्वतंत्रपणे करावी. ती झाल्याचीही नोंद होती. मग एकेक धडा घेऊन, हा का नको, त्याचं कारण. पंप उरला नाही म्हणून पंपाचा धडा नको. खोली उरली नाही म्हणून दाराचा नको. बावन्न धडे असे गेले आणि एकालाही तू कारणावाचून हात लावलेला नाहीस. उरलेल्या नवांना मात्र तू हलू दिलं नाहीस. वर्षातून एकदा परीक्षा होती ती दोनदा केलीस, आणि नव्या माणसानं पहिला महिना जुन्याबरोबरच फिरायचं असं घातलंस. पुढे कधी पिंप उघडायची किंवा हलवायची वेळ आली तर ही सूट आपोआप संपेल, असं तेराव्या पानावर आहे. आम्ही शिवणाऱ्या बाया याला माया म्हणतो. कापड कापून टाकत नाही, आत दुमडून ठेवतो, पुढे अंग भरलं तर उसवून मोठं करता येतं. क्रेनकाका ढील म्हणाले ते चूक आहे. तू माया ठेवलीस.

आणि अकरावं पान. ते मी परवा चारदा वाचलं. 'फेरीदरम्यान प्रत्येक पिंपाची खालची जाळी वाकून प्रत्यक्ष पाहावी. केवळ तापमानाच्या काट्यावर विसंबू नये. फेरी डावीकडून सुरू करावी.' खाली बारीक अक्षरांत मंडळातल्या कुणाची तरी शंका छापली आहे, डावीकडून का? आणि तुझं उत्तर, 'प्रस्थापित व सिद्ध पद्धत.' खारूताई, मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले. सरकारी शिक्का मारलेल्या कागदावर आपली भिंत. तू टेबलाखालून सगळं ऐकत होतीस आणि बिस्किटाबरोबर तेही गिळत होतीस, हे मला कसं कळलं नाही? एवढं स्वच्छ काम मी फार थोड्या माणसांचं पाहिलंय, आणि त्यातलं एक माणूस आपल्याच घरात होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. मी तिसऱ्यांदा त्यांचा सदरा आत घेत होते तेव्हा बाबा पलंगावरून बघत होते. म्हणाले, माझ्या धड्यांचंही कुणीतरी असंच करायला हवं. माझ्याच्यानं होणार नाही, मीच लिहिलेत ते. आपल्या लेकीसारखं कुणी हवं, कुठे कापायचं आणि कुठे नाही हे कळणारं. हे मला त्या चहाच्या दिवशी माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर क्रेनकाका खाली बसले असते. पण ते बाबांचं कौतुक करत होते, घरात कितीतरी दिवस कुणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, आणि मला अजून एक कपभर वेळ ते ऐकायचं होतं. तेवढ्यासाठी मी तुला दारात उभं ठेवलं. नंतर तुला सांगायचीही लाज वाटली. माझं चुकलं. परवा चौथ्यांदा वाचून झाल्यावर पानं पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, निवृत्त झालेले सगळे कामगारांच्या खोलीत चहाला जमतात. मी तिथे गेले, क्रेनकाकांच्या समोर उभी राहिले, आधी सदऱ्याची गोष्ट सांगितली, आणि मग ओळीखाली बोट धरून अकराव्या पानापासून तुझ्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचलं.

तुझीच,
बाबांची पहिली भरती,
आई