सिंकखालचं भोक

३ फेब्रुवारी
एका उंदराचा खरा खर्च: चिकट पॅड दोन, बायकोच्या, मालतीच्या, लग्नातल्या शालूचा पदर, माझी दुपारची झोप. उंदीर अजून आहेच.
तळमजल्यावरच्या भाडोत्र्यांकडूनच येतो. आशुतोष, प्राची, त्यांचा सात महिन्यांचा वरद. सामानातून आणला असणार. (दोन वर्षं झाली राहून. तरी.)

४ फेब्रुवारी
प्राची वर आली. म्हणाली, काका, पेस्ट कंट्रोल करून घ्या ना, वरदला खाली गादीवर झोपवायची भीती वाटते. मी प्रेमाने समजावलं, ॲग्रीमेंट वाच बाळा. खोलीतला उंदीर भाडोत्र्याचा, जिन्यातला मालकाचा. म्हणाली, आणि पाइपातून येतो तो?
चहा पाजून पाठवली.

६ फेब्रुवारी
आमच्या सिंकखाली पाइपाभोवती मुठीएवढं भोक आहे. घर बांधताना राहिलं. मुद्दाम ठेवलंय, खालचं सगळं ऐकू येतं. आमच्या पावणे गावात घरमालक पुष्कळ, पण खाली चमचा पडला तरी कळतो असा मी एकटाच. प्राची गच्चीवर कपडे वाळत घालताना वरद उठला, तर मीच जिन्यातून हाक मारतो, अगं, राजा रडतोय! तीही बिनधास्त जाते.
आज आशुतोष म्हणत होता, म्हातारा चिकट आहे. प्राची म्हणाली, मनाने चांगले आहेत रे. पोरीला माणसांची पारख आहे.
ठरलं. सोमवारी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन.

११ फेब्रुवारी
फोन राहिला.
उंदीर आज आमच्याच तांदळाच्या डब्यावर. मालती म्हणाली, पान वाढू का त्याला? पावना हाय ना तुमचा!
कंपन्यांना टँकर पुरवून शून्यातून वर आलेला माणूस मी. उंदराला भितो काय? सिमेंटमध्ये काचा कालवल्या, भोक गच्च बुजवलं. खालचं तोंड उघडंच आहे, पण ते भाडोत्र्याच्या खोलीच्या आत येतं. ॲग्रीमेंट.

१५ फेब्रुवारी
वर एकही उंदीर नाही. खालूनही कुरकुर ऐकू येत नाही. म्हणजे संपले! पेस्ट कंट्रोलवाले नुसते लुटतात. नाक्यावर चौघांना माझी आयडिया सांगितली.

१९ फेब्रुवारी
आशुतोष खोलीची चावी परत द्यायला आला. आत ये म्हटलं, आला नाही.
परवा दुपारी उंदराने वरदच्या पायाचा अंगठा कुरतडला. हाडापर्यंत. ॲडमिट आहे. रडून रडून पोराचा आवाज बसला होता, म्हणाला. प्राची गच्चीवर होती. तिला वाटलं, उठला तर काका हाक मारतील.
मी घरातच होतो. जागा होतो. काही ऐकू आलं नाही.