अडकलेलं अंडं

मंगळवार, संध्याकाळ

आज पहिल्यांदा पक्षी हातात धरला. बोईसरच्या माझ्या दवाखान्यात म्हशी-शेळ्या येतात, फार तर कुत्री. दुपारी शिरगावच्या हिराबाई, मासळी विकणाऱ्या, त्यांची कॉकाटील, म्हणजे तुरेवाली छोटी पोपटीण, घेऊन आल्या. तिचं अंडं पोटात अडकलेलं, पिंजऱ्याच्या तळाशी बसून धापा टाकत होती.

मी खरं तेच सांगितलं, "मावशी, मला पक्ष्यांतलं कळत नाही. मुंबईला न्या."

"तवर जगल काय ती, बाय?"

नसती जगली. कॉलेजातली मैत्रीण मुंबईत फक्त पक्ष्यांवर उपचार करते, तिला फोन लावला. ऊब दे म्हणाली, कॅल्शियम टोच, अंडं दाबू नकोस, आत फुटेल. डोस तिच्याकडून तीनदा वदवून घेतला. एवढासा जीव! डोस चुकला असता तर?

तासाभराने अंडं आपसूक बाहेर आलं. हिराबाई रडल्या. मी मनात डोसच पुन्हा मोजत होते.

आत्ता त्यांचा फोन आला. "दाणे खाल्ले तिनं. बाय, आता दुसरं अंडं पण येल काय?"

हे त्यांनी विचारू नये, असं मघापासून वाटत होतं. येणार, मैत्रीण म्हणाली होती, बहुतेक परवाच.

"येईल," मी म्हणाले. "धाप लागली की वाट बघू नका, लगेच आणा."